ओसान्शोउओ आणि कोमोडो ड्रॅगन: दिसायला इतके सारखे, मग फरक नक्की कुठे?

नदीकाठ

नमस्कार मंडळी, क्योतोहून लिहितेय.

इथे उन्हाळी सुट्टीत शाळकरी मुलांना 'जियू केंक्यू' करावं लागतं. विषय आपला आपण निवडायचा, निरीक्षणं करायची, मोठ्या कागदावर मांडायची आणि सुट्टी संपली की वर्गात सांगायचं. माझा मुलगा चौथीत आहे. त्याने यंदा निवडलाय ओसान्शोउओ, म्हणजे इथला महाकाय सॅलॅमँडर, आणि त्याच्या शेजारी कोमोडो ड्रॅगन, म्हणजे इंडोनेशियातली महाकाय घोरपड. पहिला प्राणी क्योतो ॲक्वेरियममध्ये आहे, घरून सायकलने जाता येतं. दुसऱ्यासाठी आम्ही नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात गेलो. तिथे सिंगापूरहून आणलेला कोमोडो आहे.

फोटो काढले, चित्रं झाली. मग व्हिडिओ कॉलवर त्याने आजोबांना ओसान्शोउओचा फोटो दाखवला. माझे वडील सांगलीकडचे, सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. ते लगेच म्हणाले, "अरे, ही तर पाण्यातली घोरपड!" तेव्हापासून मुलाच्या डोक्यात तेच बसलंय. त्याच्या मते एक जमिनीवरची घोरपड आणि एक पाण्यातली, दोघं चुलत भाऊ.

एक उभयचर आणि दुसरा सरपटणारा, इतकं मला शाळेत शिकलेलं आठवतं. पण "म्हणजे काय?" असं त्याने विचारलं की माझी गाडी अडते. 'पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहतो तो उभयचर' हे मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, ओसान्शोउओ तर जमिनीवर येतच नाही आणि कोमोडोला पोहता येतं. आता याला काय सांगू?

दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता येईल असं काही कुणी सांगाल का? आणि त्याचा स्वतःचा मोठा प्रश्न अर्थातच हा, की दोघांची झुंज लागली तर कोण जिंकेल.

सह्यभटक्या

ताई, सोपं आहे. खवले असतील तर सरपटणारा, नसतील तर उभयचर. बाकी सॅलॅमँडर आपल्याकडेही आहेत. आंबोलीला पावसाळ्यात पालापाचोळ्यात चकचकीत अंगाचा, आखूड पायांचा एक जीव पाहिला होता, तो सॅलॅमँडरच असणार. जाणकारांनी सांगावं.

माळरान

नदीकाठ ताई, मुलाने विषय फार चांगला निवडलाय. मी खानापूर तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या माळावर घोरपडी आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे वडील म्हणाले तसंच ते दिसतं. लांब अंग, बाजूला फाकलेले चार आखूड पाय, जाडजूड शेपूट. या आकाराने भल्याभल्यांना चकवलंय. योहान शॉइख्झर नावाचे एक स्विस विद्वान होते. जर्मनीतल्या ओनिंगन इथल्या खाणीतून निघालेल्या एका सांगाड्याचं वर्णन त्यांनी १७२६ साली छापलं आणि जाहीर केलं की हा बायबलातल्या महापुरात बुडालेला माणूस आहे. कवटी आणि पाठीचा कणा एवढंच दगडातून वर आलेलं होतं. पुढे १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए यांनी तो दगड काळजीपूर्वक कोरला, आत दडलेले पुढचे पाय मोकळे केले आणि दाखवून दिलं की हा महाकाय सॅलॅमँडर आहे. म्हणजे तुमच्या ओसान्शोउओचा जुना भाऊबंद. तो दगड आजही नेदरलँड्समध्ये हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात ठेवलेला आहे. मुलाच्या कागदावर ही गोष्ट जरूर घ्या.

आता नात्याचं. सॅलॅमँडरचं घराणं आणि घोरपडीचं घराणं ३० कोटी वर्षांपेक्षाही आधी वेगळं झालं. घोरपड, साप, कासव, मगर, पक्षी आणि आपण माणसं, हे सगळे एका बाजूला. बेडूक आणि सॅलॅमँडर दुसऱ्या बाजूला. नात्याने पाहिलं तर कोमोडो ड्रॅगन ओसान्शोउओपेक्षा तुमच्या मुलाला जास्त जवळचा आहे. वर्गात हे सांगितलं की पोरं आधी विश्वासच ठेवत नाहीत. पण ते खरं आहे, आणि त्याचं कारण अंड्यात आहे. त्याकडे नंतर येतो.

कुठे राहतो यावरून ठरवायला गेलं की तुमच्या मुलाने काढली तशी शंका निघणारच, आणि ती रास्त आहे. मी मुलांना सांगतो, प्राण्याची कातडी बघा. कातडी काय काम करते ते समजलं की निम्मा धडा तिथेच झाला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावात एक घोरपड कोरड्या विहिरीत पडली होती. शेतकऱ्याने फोन केला, मी वनरक्षकांना कळवलं. त्यांनी फासा टाकून तिला वर घेतलं, पोत्यात घालून माळावर नेलं आणि सोडलं. तिचे पाय धरून ठेवायला मी होतो, तेव्हा हात तिच्या पाठीवर होता. कातडी कोरडी ठणठणीत. ज्वारीचे दाणे ओळीने चिकटवावेत तसे बारीक गोल खवले, आणि त्यांच्याखाली जाड चामडं. एप्रिलमधलं दुपारचं ऊन होतं आणि ती किती वेळ त्या विहिरीत होती कुणास ठाऊक, पण अंगातलं पाणी तिने राखलं होतं. घोरपडीची कातडी हे बंद दार आहे. पाणी आत येत नाही, बाहेर जात नाही, हवाही नाही. श्वास सगळा फुप्फुसांतून.

कोमोडोच्या कातडीत तर याहून पुढची व्यवस्था आहे. खवल्यांच्या खाली हाडाचे छोटे छोटे तुकडे गुंफलेले असतात आणि मोठ्या नरांत त्यांचं अक्षरशः चिलखत होतं.

आता ॲक्वेरियममधल्या ओसान्शोउओकडे परत जा. त्याच्या कुशीवर, पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत, कातडीची सैल चुणीदार घडी आहे. पाणी वाहतं तशी ती हलते. अंगाला नीट बसली नाही म्हणून ती सैल नाही. त्या घड्यांमध्ये केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू तिथून थेट रक्तात जातो. मोठ्या सॅलॅमँडरला कल्ले नसतात. फुप्फुसं असतात, पण श्वासाचा मुख्य भार त्यांच्यावर नसतो. मधूनच तो नाक वर काढून हवा घेतो तेही मुलाला दिसेल, थोडा धीर धरून काचेसमोर बसायला लावा. घड्यांमुळे कातडीचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे प्राणवायू घ्यायला जागा वाढते.

पण उघड्या दाराची किंमत मोजावी लागते. अशी कातडी कोरडी पडली की प्राणी संपला. शिवाय पाणी थंड आणि वाहतं हवं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. म्हणून हा प्राणी पश्चिम जपानच्या डोंगरातल्या नद्यांमध्ये सापडतो, होन्शूचा नैर्ऋत्य भाग आणि शिकोकू, क्यूशूचे काही भाग, आणि साचलेल्या कोमट तळ्यात त्याचं काही खरं नाही. पाण्यात काही वाईट मिसळलं तर तेही कातडीतून आत जाणार.

मुलाला पडताळायला सांगायची गोष्ट बोटं. ओसान्शोउओच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच, आणि एकालाही नखी नाही. कोमोडोच्या चारही पायांना पाच पाच बोटं आणि प्रत्येकाला वाकडी, दणकट नखी. तानाजीच्या कथेतल्या यशवंती घोरपडीबद्दल इतिहासकारांचं काहीही म्हणणं असो, घोरपड कपारीला नख्या रोवून बसली की हलत नाही हे मी विहिरीच्या दगडी बांधकामावर पाहिलंय. मग डोळे बघायला सांगा. कोमोडोला पापण्या आहेत, तो डोळे मिटतो. ओसान्शोउओचे डोळे मोहरीएवढे आणि उघडेच. कोमोडोच्या डोक्याच्या बाजूला कानाचं भोक स्पष्ट दिसतं, ओसान्शोउओला बाहेरून कानच नाही. रात्री अंधाऱ्या पाण्यात त्याला डोळ्यांचा फारसा उपयोगही नाही. पाण्यातली हालचाल तो कातडीतल्या संवेदना-अवयवांनी ओळखतो, बरेचसे मासे ओळखतात त्याच पद्धतीने. भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड इतक्या झटक्यात उघडतं की पाण्याबरोबर खेकडा किंवा मासा आत ओढला जातो.

सह्यभटक्या, आंबोलीला पाहिलात तो जीव बहुधा सापसुरळी. तिचे खवले इतके गुळगुळीत असतात की अंग ओलं वाटतं. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. आपल्याकडे बेडूक आहेत, भेक आहेत आणि बिनपायांचे देवगांडूळ आहेत, पण शेपटीवाला उभयचर नाही. भारतात तो पाहायचा तर दार्जिलिंगच्या बाजूला जावं लागतं. तिथल्या डोंगरातल्या पाणथळींत हिमालयीन सॅलॅमँडर आहे, वीतभर लांबीचा, पाठीवर गाठींच्या दोन ओळी असलेला. जोरपोखरीचं अभयारण्य त्यासाठीच ओळखलं जातं.

अंड्याचं उद्या लिहितो, तपासायला पेपर घरी आणलेत.

सुराबायाकर

माळरान सर, सुंदर. मी नोकरीनिमित्त इंडोनेशियात सुराबायाला असतो आणि कोमोडो राहतात त्या रिंचा बेटावर जाऊन आलोय, म्हणून माझी भर घालतो.

लाबुआन बाजोहून बोटीने रिंचाला जातात. लोकांच्या मनात जंगल असतं, पण उतरल्यावर समोर पिवळं वाळलेलं गवत, मधे मधे ताडाची झाडं आणि अंग भाजणारं ऊन. आमच्या बरोबरच्या वनरक्षकाच्या हातात फक्त एक लांब काठी, टोकाला दोन फाटे असलेली. कोमोडो अंगावर आला तर त्या फाट्यात त्याची मान अडवायची. इथले लोक त्याला 'ओरा' म्हणतात. एक भला मोठा ओरा सावलीत पोट टेकून पडला होता, आम्ही लाकडाचा ओंडका समजून पुढे निघालो होतो. मग त्याने जीभ बाहेर काढली. पिवळसर, लांब, टोकाला दुभंगलेली. दोनदा हवेत फिरवली आणि मान आमच्याकडे वळवली. त्या वळण्याने माझ्या पोटात गोळा आला.

वनरक्षक म्हणाला की तो हरीण, रानडुक्कर आणि म्हशीसुद्धा मारतो. चावून सोडून देतो, आणि तोंडातल्या घाणेरड्या जंतूंमुळे जनावर काही दिवसांनी मरतं. इतक्या छोट्या बेटावर असा प्राणी टिकून राहिला हेच नवल.

माळरान

सुराबायाकर, वर्णन वाचताना ओरा समोर दिसला. त्या जिभेबद्दल मुलाने नक्की लिहावं. ती हवेतले गंधाचे कण गोळा करते आणि टाळूतल्या एका अवयवापर्यंत पोहोचवते. जिभेच्या दोन टोकांवर कमीजास्त कण आले की वास डावीकडून येतोय का उजवीकडून, हे त्याला कळतं. तो तुमच्याकडे वळला तो यामुळेच.

जंतूंची गोष्ट मात्र आता मागे पडली आहे. वनरक्षक सांगतात, जुन्या पुस्तकांतही आहे, पण २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोमोडोच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं दाखवलं. त्यातल्या द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही आणि रक्तदाब उतरतो. २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले तेव्हा ते इतर मांसाहारी प्राण्यांत असतात तसलेच निघाले. म्हशी दूषित डबक्यात जखम घेऊन बसतात आणि तिथे जखम चिघळते, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. २०२४ मध्ये आणखी एक शोध लागला. कोमोडोच्या दातांच्या करवती कडांवर आणि टोकांवर लोहाचा नारिंगी थर असतो. धार टिकते ती त्यामुळे.

आता अंडी. माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक इथे आहे.

कोमोडोची मादी साधारण २० अंडी घालते. बऱ्याचदा ती रानकोंबडीएवढ्या मेगापोड पक्ष्याच्या पालापाचोळ्याच्या ढिगात घालते. अंड्याला चिवट कवच असतं आणि आत पिल्लाभोवती पाण्याची पिशवी. म्हणजे पिल्लाचं तळं अंड्यातच भरून ठेवलेलं. म्हणून कोरड्या मातीत सात-आठ महिने ते अंडं टिकतं. हीच पिशवी कोंबडीच्या अंड्यात आहे आणि आईच्या पोटातल्या बाळाभोवतीही आहे. घोरपड सॅलॅमँडरपेक्षा आपल्याला जवळची, असं मी वर म्हणालो ते याच आधारावर.

मादी काही काळ घरट्यापाशी असते. पिल्लं बाहेर आल्यावर मात्र त्यांना कुणी वाली नाही. ती थेट झाडावर चढतात आणि पहिली काही वर्षं तिथेच काढतात, कारण खाली मोठे कोमोडो त्यांना खातात. आणखी एक, २००६ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर आणि लंडन इथल्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांनी नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिल्लं तयार होतात हे सिद्ध झालं. अशी पिल्लं नरच असतात.

ओसान्शोउओचं सगळं उलटं. त्याच्या अंड्याला कवच नाही. जेलीत गुंफलेली, जपमाळेगत लांब माळ असते, एकेका मादीची चार-पाचशे अंडी. ती पाण्यातच राहायला हवीत. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये नदीकाठाखालच्या बिळांत ती घातली जातात. बिळाचा मालक एक मोठा नर असतो, जपानी लोक त्याला 'नुशी' म्हणतात. अंडी घालून मादी निघून जाते आणि नर थांबतो. शेपूट हलवून अंड्यांवरून ताजं पाणी फिरवत राहतो, कारण आतल्या पिल्लांनाही प्राणवायू पाण्यातूनच मिळायचा आहे. बुरशी धरलेली, मेलेली अंडी निवडून खाऊन टाकतो, म्हणजे बाकीची वाचतात. पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांच्या मानेशी झुबक्यासारखे कल्ले असतात. ती हिवाळाभर बिळातच राहतात आणि नरही त्यांच्या बरोबर असतो. वसंतात ती नदीत उतरतात. कल्ले जायला पुढे काही वर्षं लागतात.

बापाने थंडीचे महिने बिळात पहारा द्यायचा, ही गोष्ट तुमच्या मुलाच्या वर्गाला झुंजीपेक्षा जास्त आवडेल अशी माझी खात्री आहे.

झुंजीबद्दल विचारलंच आहे तर सांगतो. कोमोडोची लांबी ३ मीटरपर्यंत जाते आणि मोठा नर ७० किलोच्या आसपास असतो. ओसान्शोउओ जास्तीत जास्त दीड मीटर आणि सुमारे २५ किलो, बहुतेक त्याहून लहान. पण दोघांचं मैदान एक होऊच शकत नाही. कोमोडोचं अंग ३५ अंशांच्या आसपास तापलं की तो तडफेने शिकार करतो. डोंगरातल्या गार नदीत थोडा वेळ ठेवला तर त्याचे स्नायू मंदावतील. ओसान्शोउओला रिंचाच्या गवतात ठेवला तर सावलीतही त्याची कातडी सुकेल. एकाचं सगळं गणित वेगावर आहे. तो थोड्या अंतरावर ताशी २० किलोमीटरपर्यंत धावतो आणि मोठी शिकार मिळाली तर एका वेळी स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो. दुसऱ्याचं गणित वाट बघण्यावर. तो दगडाखाली पडून राहतो, आठवडेच्या आठवडे काही न खाता. त्यामुळे आयुष्यही लांबतं. झीबोल्ट नावाच्या जर्मन वैद्यांनी जपानहून नेलेला एक ओसान्शोउओ १८३० च्या सुमारास हॉलंडला पोहोचला आणि ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ पर्यंत जगला. कोमोडो साधारण ३० वर्षं जगतो.

नागोयाला परत जाणं झालं तर कोमोडोच्या घशाकडे बघायला सांगा. घोरपडीच्या कुळातले प्राणी घसा फुगवून हवा फुप्फुसांत ढकलतात. सरडा धावतो तेव्हा बरगड्यांचे स्नायू अंग वळवण्यात गुंततात आणि श्वास अडतो. घोरपडीने घशाचा पंप वापरून ती अडचण सोडवली आहे. विहिरीतून काढलेली घोरपड पूर्ण वेळ घसा फुगवून फुत्कार टाकत होती, तो राग तर होताच, पण त्या घशाची ताकद हाताला जाणवत होती.

मांडवी

कातडीचा विषय निघाला म्हणून गोव्याहून लिहिते. आमच्याकडे घुमट वाजवतात, मातीच्या घड्याच्या तोंडाला चामडं ताणून. पूर्वी ते घोरपडीचंच असायचं. सरांनी म्हटलं तसं चिवट आणि हवेतला ओलावा न पिणारं, म्हणून पावसातही आवाज बसत नसे. माझ्या आजोबांच्या घुमटाला तेच होतं. घोरपड मारण्यावर बंदी आहे, आता शेळीचं चामडं लावतात. २०१९ मध्ये घुमट गोव्याचं राज्य वारसा वाद्य झालं ते या नव्या चामड्यासकट. सुरुवातीला जुने वादक कुरकुरले, पण माझा भाऊ गणपतीत शेळीच्या चामड्यावर वाजवतो आणि आरतीला काही कमी पडत नाही. घोरपड वाचायला हवी, तिच्या कातडीसाठी आता कुणी तिला मारू नये.

माळरान

मांडवी ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आमच्याकडे अजून सांधेदुखीवर घोरपडीचं तेल म्हणून लोक बाजारात बाटल्या विकत घेतात. त्याने काही होत नाही. 'हथा जोडी' नावाचं झाडाचं मूळ म्हणून जे पूजेसाठी विकलं जातं, ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. कुणाच्या देवघरात ते असेल तर घरच्यांना सांगा. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. ती मारणं, विकणं, जवळ बाळगणं, सगळाच गुन्हा.

नदीकाठ

सगळ्यांचे खूप आभार. मुलगा आज पुन्हा ॲक्वेरियमला गेला होता. काचेला नाक लावून चार बोटं मोजली, कुशीवरची घडी वहीत काढली. एकाने वर येऊन हवा घेतली तेव्हा इतका ओरडला की शेजारच्या आजीबाईही बघायला आल्या. रात्री त्याने आजोबांना फोन करून सांगितलं की कोमोडो तुमच्या घोरपडीचा भाऊ आहे आणि ओसान्शोउओ बेडकाचा. आजोबांनी लगेच विचारलं, मग बेडकाला शेपूट का नाही? ते उत्तर तो स्वतः शोधणार आहे.

त्याला शेवटचा भाग 'कोण जास्त संकटात' असा करायचाय. आणि दुसरं, आमच्या कामो नदीत जे ओसान्शोउओ दिसतात ते अस्सल जपानी नाहीत असं शिक्षिका म्हणाल्या. हे खरं का?

माळरान

शिक्षिका बरोबर सांगतायत, आणि मला वाटतं तुमच्या मुलाच्या कागदावर याला सर्वांत जास्त जागा मिळावी, कारण ही त्याच्या स्वतःच्या नदीची गोष्ट आहे.

१९७० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून चीनमधून महाकाय सॅलॅमँडर जपानमध्ये आणले गेले. त्यातले काही नदीत गेले. चिनी आणि जपानी सॅलॅमँडर जवळचे नातेवाईक आहेत, त्यांचा संकर होतो आणि संकरित पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. कामो नदीत आता बहुतांश प्राणी संकरित आहेत. ते वाढतात मोठे आणि बिळांच्या मालकीत जपानी नरांवर भारी पडतात. २०२४ मध्ये जपान सरकारने परदेशी महाकाय सॅलॅमँडर आणि संकर यांना घातक परकीय प्रजातींच्या यादीत घातलं. अस्सल जपानी प्राणी मात्र १९५२ पासून 'विशेष नैसर्गिक स्मारक' आहे, त्याला हात लावायलाही परवानगी लागते.

यात मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की चीनमध्ये रानातले महाकाय सॅलॅमँडर जवळपास संपलेत. २०२४ मध्येच क्योतो विद्यापीठाच्या कांतो निशिकावा यांच्या गटाने जपानमधल्या प्राण्यांची जनुकं तपासताना दक्षिण चीनमधल्या अतिदुर्मीळ प्रजातीचे मोजके शुद्ध प्राणी शोधून काढले. एका देशात जो उपद्रव ठरतो तोच दुसऱ्या देशाचा हरवलेला प्राणी. सरसकट काढून टाका असं म्हणण्याआधी प्रत्येकाची तपासणी का हवी, ते यावरून मुलाला समजेल.

संकराशिवाय दुसरं संकट बांधकामाचं. काँक्रीटचा काठ केला की बिळांना जागा उरत नाही, आणि बंधारा घातला की अंडी घालायला वर जाणारा प्राणी त्या भिंतीपाशी अडतो. काही ठिकाणी बंधाऱ्याला उतार जोडलेत, काठात कृत्रिम बिळं ठेवलीत. हिरोशिमाच्या आसा प्राणिसंग्रहालयाने १९७९ मध्ये पहिल्यांदा बंदिवासात यांची पैदास केली आणि आजही तिथे हे काम चालतं. मुलाला नदीकाठी फिरवताना मोकळा मातीचा काठ कुठे आहे आणि काँक्रीट कुठे, याचा साधा नकाशा काढायला सांगा. ते त्याचं स्वतःचं निरीक्षण होईल.

कोमोडोचं संकट वेगळं आहे. १९८० पासून कोमोडो राष्ट्रीय उद्यान आहे, १९९१ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, तिथे त्याला बऱ्यापैकी संरक्षण आहे. फ्लोरेस बेटावर मात्र बरीचशी वस्ती उद्यानाबाहेर आहे आणि शेती, गावं वाढतायत. त्यात समुद्र वर येतोय, आणि कोमोडो राहतो तो भाग बहुतेक किनाऱ्यालगतच्या सखल दऱ्यांचा. मागे डोंगर आणि पुढे समुद्र, त्याने जायचं कुठे? येत्या ४५ वर्षांत त्याला राहण्याजोगी जागा किमान ३० टक्क्यांनी घटेल असा अंदाज मांडून २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'असुरक्षित'मधून 'संकटग्रस्त' गटात टाकलं. कोण जास्त संकटात, याचं एका शब्दात उत्तर मुलाने देऊ नये असं मला वाटतं. एकाची नदी बदलतेय, दुसऱ्याचा किनारा.

अस्सल की संकरित हे पाहून ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. अंगावरच्या ठिपक्यांवरून लोक अंदाज बांधतात, खात्री डीएनए तपासल्यावरच होते. मोठ्या पावसानंतर पुराने वाहून आलेला एखादा कामोच्या काठावर दिसला तर लांबून फोटो घ्या, ठिकाण आणि वेळ लिहून ठेवा आणि क्योतो शहराच्या सांस्कृतिक वारसा विभागाला कळवा. मुलाला जवळ जाऊ देऊ नका, तोंड फार झटक्यात उघडतं आणि दात बारीक असले तरी जखम खोल होते.

आणि बेडकाच्या शेपटीचं त्याने काय उत्तर काढलं ते इथे जरूर लिहा.